शेवटच्या घराचा वाटा

प्रश्न : आमची वाडी उतारावर आहे. वर काकांच्या घरी १०० मेगाबिटचं फायबर आलंय. तिथून खाली आम्हा भाऊबंदांची चार घरं, एकाखाली एक. प्रत्येक घराचा एक राउटर, आणि नेट राउटरवरून राउटरवर असं हवेतूनच उतरतं. दोन राउटरमधला वेग मोजला तर ८० मेगाबिट दिसतो. पैसे सगळे सारखे भरतो, पण आमचं घर म्हणजे पाटाच्या टोकाचा वाफा. रात्री आठनंतर मुलीचा क्लास अडकत राहतो. पुतण्या म्हणतो, ३०० चा प्लॅन घेऊ. घ्यावा का?
— एक गृहिणी, गुहागर तालुका

उत्तर : नका घेऊ, ताई. काकांचं फायबर ठीक आहे, अडतंय ते हवेत. तुमचे राउटर एकाच चॅनेलवर असणार; एक बोलत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. नेटवरचा डेटा छोट्या तुकड्यांत जातो, त्यांना पाकिटं म्हणतात. पहिल्या घराचं पाकीट हवेत एकदा जातं, तुमचं चारदा. चौघांना सारखं नेट द्यायचं तर १+२+३+४, म्हणजे हवेचे दहा वाटे झाले. ८० भागिले १०, घरामागे ८ मेगाबिट. वर ३०० येवोत की १०००, हा आकडा हलत नाही.

तेवढेही तुम्हाला मिळत नाहीत, कारण वाटणी करणारं कुणी नाही. ज्याला बोलायचंय त्या प्रत्येक राउटरला वायफाय साधारण सारखी संधी देतं. पहिल्या घराच्या राउटरलाही एकाचीच संधी, पण ओझं चार घरांचं. तिथे कुणी फोटोंचा बॅकअप लावला की त्या घरची पाकिटं दारातूनच रांगेत शिरतात. तुमची तीन ठिकाणी ताटकळत येतात आणि रांग भरलेली असली की गळतात. पाकीट गळलं की टीसीपी, म्हणजे डेटा पोचवण्याचा नेटचा नियम, तुमचाच वेग आणखी कमी करतो! अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ सालीच हे मांडलं होतं. उपाय असा, की प्रत्येकाला त्याच्याच दारात आवरायचं.

काकांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चढत असेल तर एसक्यूएम या रांग आवरणाऱ्या सोयीमध्ये 'केक' ही वाटणीची पद्धत निवडा, वाटणी आयपी पत्त्यानिहाय (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या पत्त्यानुसार) ठेवा आणि वाडीकडे जाणाऱ्या बाजूला एकूण २० ची मर्यादा घाला. त्या राउटरला खाली नेमके चार पत्ते दिसायला हवेत. एकच दिसला तर चार घरं मिळून एक गिऱ्हाईक. वीस दिसले तर ज्याच्याकडे फोन जास्त त्याची चांदी. वर जाणाऱ्या डेटाला प्रत्येक घरी २ ची मर्यादा. उतरणारे ५ आणि चढणारे २ मिळून घरामागे ७, म्हणजे ८ च्या आत. काकांकडे ८० उरतात याचं वाईट वाटून घेऊ नका, ते सगळे खाली उतरूच शकत नाहीत. पहिलं घर कुरकुरेल. भाऊबंदकीवर माझ्याकडे सेटिंग नाही.

खरा इलाज म्हणजे पहिल्या घराला जोडून दुसऱ्या घरापर्यंत फायबर ओढणं. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालते, आणि कोकणातल्या विजा बघता ती उघड्यावरून नकोच. मग हवेवर फक्त तिसरं आणि चौथं घर राहतं : १+२, तीन वाटे, घरामागे २६ च्या वर. प्लॅनचे वाढीव पैसे तिकडे लावा.

प्रश्न : राउटरमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' दिसतं. चालू ठेवावं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : हॉस्टेलवर, हो. हे सेटिंग बोलण्याची संधी नाही, तर हवेतला वेळ सारखा वाटतं. १५०० बाइटचं पाकीट ५४ मेगाबिटने पाव मिलिसेकंदाच्या आत जातं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या फोनचा वेग १ मेगाबिटवर घसरला तर त्याच पाकिटाला १२ मिलिसेकंद लागतात. संधी सारखी वाटली तर सगळं हॉस्टेल त्या फोनच्या चालीने चालतं. वेळ सारखा वाटला तर तो एकटाच रेंगाळतो. वरच्या वाडीला मात्र हेच तत्त्व लावलं तर पहिल्या घराला २०, शेवटच्याला ५. सारखे पैसे भरणाऱ्यांत ही वाटणी मला पटत नाही.