डावा इंडिकेटर जलद लुकलुकतो म्हणून बीसीएम बदलू नका

आपण कोपरखैरण्याहून विचारले आहे की, पाऊस सुरू झाल्यापासून गाडीचा डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो, उजवा मात्र पूर्वीसारखाच चालतो. सर्व्हिस सेंटरने १८,००० रुपयांचा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा गाडीतला छोटा संगणक) बदलण्यास सांगितले आहे आणि मित्राने चारही बाजूंना एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला दिला आहे, तर यांपैकी काय करावे. माझ्या मते यांपैकी काहीही करू नये.

जलद टिकटिक हा बिघाड नव्हे, ती बिघाडाची वर्दी आहे. डाव्या बाजूला पुढे २१ वॅटचा, मागे २१ वॅटचा आणि फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) किंवा आरशात ५ वॅटचा असे बल्ब असतील, तर १२ व्होल्टला त्यांचा मिळून सुमारे ४ अँपिअर प्रवाह होतो. मोठ्या दोन बल्बांपैकी एक गेला किंवा त्याला पुरता प्रवाह मिळेनासा झाला, की फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा सुटा भाग) अथवा, तो नसलेल्या गाडीत, बीसीएम ही घट ओळखतो आणि चालकाच्या लक्षात यावे म्हणून मुद्दाम वेग वाढवतो. एरवी हा वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा या मर्यादेत असावा लागतो. आता उजव्या बाजूची टिकटिकही तोच फ्लॅशर किंवा तोच बीसीएम देत असतो. उजवी बाजू व्यवस्थित चालत असेल, तर वेळ राखणारा भाग शाबूत आहे आणि दोष त्याच्या पुढे, डाव्या बाजूच्या बल्बात, होल्डरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे प्रवाह गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या जोडणीत, आहे. हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही, तरीही आमच्या घरात हा तर्क आजतागायत मान्य झालेला नाही, म्हणूनच मी एवढे सविस्तर लिहायला बसले आहे.

माझी सारी नोकरी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. आम्ही कळव्याला राहतो आणि माझे यजमान व धाकटे दीर या दोघांत मिळून एक जुनी हॅचबॅक होती, जी बारा महिने इमारतीखाली उघड्यावर उभी असे आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचे पाणी तुडवत रबाळ्यापर्यंत ये-जा करी. एका पावसाळ्यात तिचा डावा इंडिकेटर आपल्या गाडीसारखाच भरभर टिकटिकू लागला. चार दिवस ऊन पडले की तो आपोआप सुधारे, पुन्हा सर आली की पुन्हा तेच. भावोजींनी बॉनेटही न उघडता निदान केले, "वहिनी, फ्लॅशर गेलाय. माझ्या आधीच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं." मी म्हणाले, "भावोजी, मग उजवा कसा नीट चालतो?" त्यावर, "कारखान्यातलं वेगळं आणि गाडीतलं वेगळं," एवढेच उत्तर मिळाले आणि गाडी वायरमनकडे गेली.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. जुन्या गाड्यांत बायमेटलचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडपट्टीचा, फ्लॅशर असे. त्यातली पट्टी बल्बांच्या प्रवाहाने तापून वाकायची, संपर्क तुटायचा, पट्टी थंड झाली की पुन्हा जुळायचा. असा फ्लॅशर वयाने खरोखरच बिघडे आणि त्याची लय बिघडली की तो बदलणे हाच उपाय असे. पण त्या प्रकारात बल्ब गेल्यावर प्रवाह कमी होऊन पट्टी पुरेशी तापत नाही, त्यामुळे इंडिकेटर मंदावतो किंवा नुसता पेटून राहतो. बल्ब गेल्यावर वेग वाढणे हे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचे लक्षण आहे. जुन्या गाडीचा अनुभव नव्या गाडीला लावला, तर निदान उलटे होते, आणि भावोजींचे तेच झाले.

फ्लॅशर बदलला गेला. डावीकडची टिकटिक तशीच राहिली. मग वायरमनने स्टिअरिंगखालचा, इंडिकेटरच्या दांडीचा कॉम्बिनेशन स्विच बदलला, ज्याची किंमत फ्लॅशरच्या कितीतरी पट होती. वास्तविक हझार्डचे, म्हणजे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावणारे, बटण दाबल्यावरही मागचा डावा दिवा तितकाच मंद लागत होता आणि हझार्डचा प्रवाह त्या स्विचच्या दांडीवरून जात नाही, तेव्हा स्विचवर संशय घेण्यास जागाच नव्हती. त्यानंतर कोणीतरी सुचवले म्हणून भावोजींनी एलईडी बल्ब बसवले. एलईडी जेमतेम काही वॅट घेतो. २१ वॅटची सवय असलेल्या फ्लॅशरला वाटते की बल्बच गेला. परिणामी उजवी बाजूही डावीइतक्याच वेगाने टिकटिकू लागली आणि "निदान आता दोन्ही सारखे तरी झाले," असे भावोजींनी जेवताना गंभीरपणे सांगितले.

त्यावर उपाय म्हणून ६ ओहम, ५० वॅटचे रेझिस्टर मागच्या दोन्ही बाजूंना जोडण्यात आले. हा रेझिस्टर २१ वॅटच्या बल्बाचे सोंग आणतो आणि त्यासाठी तेवढीच वीज नुसती उष्णतेत घालवतो. इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला तर तो हात पोळेल इतका तापतो. आमच्याकडे तो दुहेरी टेपने प्लॅस्टिकच्या अस्तरावर चिकटवलेला होता आणि कळवा नाक्याच्या सिग्नलला उजवीकडे वळण्यासाठी थांबल्यावर डिकीतून जळका वास येऊ लागला. मात्र या प्रकारातून एक अत्यंत उपयोगी गोष्ट दिसली, जी वायरमनने पाहिली असती तर तिथेच उलगडा झाला असता. रेझिस्टर लावल्यावर उजवी बाजू पूर्ववत झाली, पण डावी झाली नाही. दोन्हीकडे एकच बल्ब, एकच रेझिस्टर, फ्लॅशर नवा. तरीही डावी बाजू भरभर चालते, याचा अर्थ रेझिस्टर ज्या काळ्या वायरला जोडला होता तीच मुळात जमिनीला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, नीट पोहोचत नव्हती.

त्या रविवारी मी कोणालाही न विचारता एलईडी आणि रेझिस्टर काढले, मूळ बल्ब परत बसवले आणि इंडिकेटर लावून गाडीच्या मागे उभी राहिले. मागचा डावा इंडिकेटर लालसर, मेल्यासारखा लागत होता आणि त्याच ठेक्यावर शेजारचा ब्रेकलाइट अगदी अंधूक उजळत होता, जरी ब्रेकवर कोणाचाही पाय नव्हता. भावोजी याला "शॉर्ट" म्हणत. हा शॉर्ट नव्हे. मागच्या दिव्याच्या खोक्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेललाइट यांचे अर्थिंग एकाच वायरने होते. ती वायर निकामी झाली, की विटाव्याखाली पाणी भरल्यावर जशा गाड्या ऐरोलीच्या पुलावरून वळसा घालून जातात, तसा इंडिकेटरचा प्रवाह ब्रेकलाइटच्या तारेतून उलटा शिरून पलीकडच्या दिव्याच्या अर्थिंगपर्यंत वाट काढतो. वळणावळणाने गेलेला हा प्रवाह अपुरा असतो, म्हणून दिवा मंद आणि टिकटिक जलद.

मोजायचे असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यावर साधा मल्टिमीटर स्थिर आकडा दाखवत नाही. म्हणून मी फ्लॅशर उपसून त्याच्या सॉकेटमधील बी (बॅटरीकडचे) आणि एल (दिव्यांकडचे) या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा लावला, ज्यामुळे इंडिकेटर सलग पेटून राहिला. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक लांब वायरने बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मागच्या होल्डरच्या अर्थिंगच्या पत्रीला लावले. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी यायला हवे होते. आले ८ व्होल्टांहून अधिक. म्हणजे बल्बाच्या वाट्याला मुळी ४ व्होल्टच येत होते. काळ्या वायरचा माग काढत डिकीचे डावे अस्तर सोडवले, तर चाकाच्या कमानीमागे एका बोल्टखाली तिचे कडे सापडले. बोल्टाच्या डोक्यावर गंज होता, कड्यावर हिरवट पूड जमली होती आणि खालचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. टेललाइटच्या जुनाट रबरातून झिरपलेले पाणी थेंबाथेंबाने तिथेच उतरत होते. कडे आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला आणि दिव्याचे रबर बदलले. मीटरवर ०.०६ व्होल्ट आले. गाडी विकेपर्यंत तो दिवा पुन्हा कधी मंदावला नाही.

आपल्या गाडीच्या बाबतीत क्रम हाच राहील. हझार्ड लावून गाडीभोवती एक फेरी मारा आणि डाव्या बाजूचा कोणता दिवा बंद किंवा मंद आहे ते पाहा. फेंडरचा छोटा दिवा एकटा गेला तर बहुतेक गाड्यांत वेग वाढत नाही, तेव्हा लक्ष मोठ्या दोघांवर ठेवा. दिवा पूर्ण बंद असेल तर डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहणे पुरेसे आहे. पिवळ्या काचेचा पीवाय२१डब्ल्यू आणि साध्या काचेचा पी२१डब्ल्यू हे दिसायला सारखे असले, तरी त्यांच्या खुंट्यांचा कोन वेगळा असतो. बसत नाही म्हणून खुंटी कानशीने घासणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्या नादी लागू नये. बल्ब ठीक असेल तर होल्डरमधील पत्री हिरवी किंवा काळी पडली आहे का ते पाहा. तीही स्वच्छ असेल, तर वायरचा एक तुकडा घेऊन होल्डरच्या अर्थिंगपासून बॉडीच्या उघड्या धातूपर्यंत धरा. दिवा तत्काळ उजळला तर अर्थिंगचाच दोष आहे आणि त्याला मीटरही लागत नाही. पावसाळ्यातच सुरुवात झाली, असे आपण स्वतःच लिहिले आहे, त्यामुळे माझा संशय होल्डर आणि अर्थिंगवरच आहे. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची हीच रडकथा असते.

सर्व्हिस सेंटरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. स्कॅनर लावल्यावर त्यात डाव्या इंडिकेटरच्या सर्किटचा कोड आला असेल, तर तो कोड बीसीएम बिघडला असे सांगत नाही. आपल्याकडून निघालेला प्रवाह पलीकडे पुरता जात नाही, अशी ती बीसीएमचीच तक्रार आहे. तक्रार करणाऱ्यालाच बदलायचे आणि त्याचे १८,००० रुपये घ्यायचे, ही पद्धत मला मान्य नाही. त्यांना सांगा की दिवा पेटलेला असताना होल्डरच्या धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना किती व्होल्ट पडतात ते मोजून जॉबकार्डवर लिहा, मग आपण बीसीएमविषयी बोलू. जो मोजायला तयार नाही त्याला अंदाजाने भाग बदलायचे आहेत आणि अंदाज चुकला तरी बदललेल्या भागाचे पैसे परत मिळत नाहीत. आमच्या फ्लॅशरचे, स्विचचे, एलईडीचे आणि रेझिस्टरचे मिळाले नाहीत. भावोजींचे म्हणणे मात्र अजूनही असे आहे की, फ्लॅशर नवा होता, त्याला "सेट व्हायला" वेळ लागला आणि नेमका त्याच रविवारी तो सेट झाला. दर गणपतीत हे ऐकावे लागते. फ्लॅशरमध्ये सेट होण्यासारखे काहीही नसते, तो पहिल्या मिनिटाला जसा चालतो तसाच चालत राहतो, आणि त्या रविवारी तर तो सॉकेटमधून काढून माझ्या हातात होता.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बीसीएममध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे आउटपुट वेगवेगळे असते, त्यामुळे एकच बाजू आतून जळणे अशक्य नाही. पण तेव्हा ती बाजू बहुधा लागतच नाही, नुसती जलद टिकटिकत नाही. फ्लॅशर काढून वायर लावण्याची युक्ती फक्त सुटा फ्लॅशर असलेल्या गाड्यांसाठी आहे, बीसीएमच्या सॉकेटमध्ये तसे काही करू नये. आपल्या गाडीचे दिवे कंपनीतूनच एलईडीचे असतील तर आत बदलण्याजोगा बल्ब बहुधा नसतो आणि पूर्ण दिवाच बदलावा लागतो, तरीही आधी कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थिंग पाहावे. स्टिअरिंगच्या आसपास पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः अस्तर न उघडता सर्व्हिस सेंटरकडूनच अर्थिंग साफ करून घ्यावे. आणि गाडी पावसाच्या पाण्यात सीटपर्यंत बुडाली असेल, तर बीसीएमवर संशय घेणे रास्त ठरते. अशा वेळी बॅटरीची ऋण तार सोडवून बीसीएमचा कपलर आपल्यासमोर काढायला लावा आणि पिनांवर हिरवे आले आहे का ते स्वतः पाहून मगच होकार द्या.