ब्रिटनचे बीच आणि ऑस्ट्रेलियाचे बीच: फरक काय, आणि जास्त भीती कुठे?

तुम्ही विचारलंय की ब्रिस्टलहून सिडनीला बदली होतेय, दोन लहान मुलं आहेत, घरात कुणालाच धड पोहता येत नाही, आणि शार्क, जेलीफिश, मगरी असलं काय काय ऐकून मिसेस घाबरल्यात, तर ऑस्ट्रेलियातले बीच खरंच ब्रिटनपेक्षा धोकादायक आहेत का. मी ब्रिस्टलला बरीच वर्षं होते आणि आता सिडनीत आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी थेट उत्तर. मगर आणि बॉक्स जेलीफिश हा सिडनीचा प्रश्नच नाही, तो वर क्वीन्सलँडच्या उत्तर भागात आणि डार्विनकडे. सिडनीत भ्यायचं ते रिप करंटला, म्हणजे काठावरून खोल समुद्रात ओढून नेणाऱ्या प्रवाहाला, आणि उन्हाला. आणि ब्रिटनमधे आपण ज्याचा विचारही करत नाही ती भरती आणि पाण्याचा गारठा, तेच तिथे जीव घेतात. मला विचाराल तर ब्रिटनचा बीच हा काठावर रमणाऱ्याचा आहे आणि ऑस्ट्रेलियाचा पाण्यात उतरणाऱ्याचा. मजाही त्या हिशोबाने आणि धोकाही.

तुम्ही ब्रिस्टलचे म्हणजे वेस्टन-सुपर-मेअरला गेलाच असाल. ओहोटीला तिथे समुद्र इतका आत जातो की समुद्र आहे कुठे असं विचारावं लागतं, नुसता चिखल. ब्रिस्टल चॅनेलमधे भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी आहे, उधाणाला १४ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत वर चढतं. आपल्याकडे कोकणात लहान पोरालाही अमावस्या-पौर्णिमेचं उधाण कळतं, पण तिथे आपली मंडळी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, न बघता चिखलात चालत सुटतात, पाय रुतला की निघत नाही आणि पाणी तोवर परत चढायला लागलेलं असतं. वर उत्तर इंग्लंडात लँकशरला मोरकॅम बेमधे ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले गोळा करणारे कमीत कमी २१ चिनी मजूर असेच भरतीत सापडून गेले. तिथली रेती आणि पाण्याचे ओघ सतत जागा बदलतात म्हणून वाटाड्याशिवाय तो पट्टा ओलांडायचाच नाही असं अजूनही सांगतात, आणि कित्येक शतकं तिथे नेमलेला अधिकृत वाटाड्या असतो.

दुसरी गोष्ट गारठा. ऑगस्टमधे कॉर्नवॉलचं पाणी सोळा-सतरा डिग्री असतं, आणि तो तिथला सगळ्यात ऊबदार काळ! सिडनीत एवढं गार पाणी ऐन हिवाळ्यात असतं, फेब्रुवारी-मार्चला २३ च्या पुढेमागे. फरक नुसता आरामाचा नाहीये. १५ डिग्रीच्या खालच्या पाण्यात माणूस एकदम पडला की धाप लागते, श्वास आपल्या हातात राहत नाही, आणि त्या पहिल्या मिनिट-दीड मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन चांगले पट्टीचे पोहणारे पण बुडतात. आरएनएलआय, म्हणजे १८२४ पासून चाललेली तिथली लाइफबोट संस्था, वर्षानुवर्षं एकच सांगतेय की हातपाय मारू नका, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, उताणे तरंगा, श्वास ताळ्यावर आला की मग ओरडा किंवा पोहा. हे एवढं वाक्य मुलांना आत्ताच पाठ करून घ्या, ते सिडनीतही लागणारच आहे.

आणि तरी ब्रिटनचे बीच मला मनापासून आवडतात हे पण लिहिते, नाहीतर वाटेल मी नुसती घाबरवतेय. डॉर्सेटला चारमथ आणि लाइम रीजिसचा किनारा आहे ना, निघायच्या आधी मुलांना तिथे नेऊन आणाच. हिवाळ्यात एखादं वादळ होऊन गेलं की कड्यातली काळी-राखाडी माती खाली येते, लाटा ती धुवून नेतात आणि गोट्यांमधे अमोनाइट, म्हणजे शंखासारख्या समुद्री जीवांचे जीवाश्म, उरतात, काही तर नखाएवढे, गोल गुंडाळलेले, पितळेसारखे चमकणारे. साधारण एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वीचा जीव आणि तो तुमच्या पाच वर्षांच्या पोराला वाकून सापडतो, कुणी तिकीट मागत नाही. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने दोनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर इक्थिओसॉर या डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला. फक्त कड्याखाली उभं राहायचं नाही, दरड कधी येईल सांगता येत नाही, शोधायचं ते पाण्याच्या बाजूच्या गोट्यांत आणि ओहोटी असताना, म्हणजे परत यायला वाट राहते.

तसंच खडपांतल्या डबक्यांचं. बादली घेऊन बसा, दगड हळूच उचला, खेकडे बघा, समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटलेला फुलासारखा जीव, त्याला बोट लावलं की ते मिटून लाल जेलीचा गोळा होतं, मुलं दोन-दोन तास हलत नाहीत. वारा भणाणत असतो, लोक कापडाचा आडोसा खांबांवर ठोकून त्यामागे स्वेटर घालून चहा पितात, कागदात गुंडाळलेल्या गरम चिप्सवर मीठ-व्हिनेगर, आणि सीगल मागून येऊन हातातला चिप्स उचलून नेतो हे तर अगदी ठरलेलं. जूनमधे साडेनऊपर्यंत उजेड असतो. हे सुख सिडनीत मिळत नाही हो. तिथे लोक आडोसा उन्हाचा करतात.

आता सिडनी. ब्राँटी, कूजी, बाँडाय, मॅनली, पाणी बघून वेड लागतं, आणि म्हणूनच सांभाळायचं. रिप करंट म्हणजे लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जाण्याची वाट. गंमत अशी की लांबून बघताना तीच जागा सगळ्यात शांत दिसते, आजूबाजूला लाटा फुटतायत पांढऱ्याशुभ्र आणि मधे एक गडद पट्टा, लाट नाही काही नाही, फेस आणि गढूळ वाळू मात्र आत जाताना दिसते. पोहता न येणारा माणूस नेमका तिथेच उतरतो कारण लाट नाही. बाँडायच्या दक्षिण टोकाला अशी रिप जवळजवळ कायमचीच असते, तिला बॅकपॅकर्स रिप म्हणतात कारण बसमधून उतरलेले पाहुणे सरळ तिच्यात जातात. ६ फेब्रुवारी १९३८ ला याच बाँडायला एकामागून एक मोठ्या लाटा येऊन दोनेकशे माणसं आत ओढली गेली, लाइफसेव्हर मंडळी तिथे हजर होती म्हणून जवळजवळ सगळे वाचले, पाच गेले. आणि १७ डिसेंबर १९६७ ला तर देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट व्हिक्टोरियात चेव्हिअट बीचवर पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, आणि ते चांगले पोहणारे होते.

म्हणून लाइफगार्डची गस्त असलेला भाग दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, बस. झेंडे दोन्ही देशांत सारखेच आहेत, पण ब्रिटनमधे ते बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यापुरते, बाँडायला वर्षाचे ३६५ दिवस गस्त. झेंडे नसतील तर त्या बीचवर वाळूत खेळा, घोट्याच्या वर पाणी नको. हे मी एवढं ठासून लिहितेय कारण बुडालेल्यांमधे आपल्या भागातली माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. ऑगस्ट २०१६ मधे इंग्लंडला कॅम्बर सँड्सवर लंडनचे पाच तमिळ तरुण एकाच दुपारी बुडून गेले, तेव्हा तिथे लाइफगार्ड नेमलेले नव्हते. जानेवारी २०२४ मधे व्हिक्टोरियात फिलिप आयलंडला गस्त नसलेल्या बीचवर चार भारतीय गेले. देश वेगळे, समुद्र वेगळे, आणि दोन्हीकडे वाचवणारं कुणी नाही. कमरेएवढ्या पाण्यात काय होतंय, हे वाक्य घरात कुणी बोललं तर तिथेच थांबवा, आणि जीन्स-साडी घालून फोटोसाठी पाण्यात जाणं तर नकोच, भिजलेली जीन्स माणसाला उभं राहू देत नाही.

बाकीचं पटकन. ब्लूबॉटल, उन्हाळ्यात जोराचा ईशान्य वारा सुटला की येतात, निळा फुगा आणि खाली लांबच लांब दोरा, आपल्या जुहूला पण पावसाळ्यात वाहून येतात तेच. डसलं तर समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरायचं, व्हिनेगर नको. व्हिनेगर उत्तरेतल्या बॉक्स जेलीफिशसाठी, तिकडे बीचवर खांबालाच बाटल्या ठेवलेल्या असतात. नोव्हेंबर ते मे उत्तर क्वीन्सलँडमधल्या केर्न्सकडे गेलात तर जाळीच्या आत आणि अंगभर स्टिंगर सूट घालूनच उतरा. ब्रिटनच्या वाळूत पण वीव्हर नावाचा मासा पुरून बसलेला असतो, काटा पायात गेला की कळ मस्तकात जाते, उपाय तोच, गरम पाणी. शार्क आहेत, खोटं कशाला बोलू, पण रिपने जाणारी माणसं त्याच्या कितीतरी पट जास्त, पहाटे-संध्याकाळी आणि मोठा पाऊस पडून गढूळ झालेल्या पाण्यात उतरू नका म्हणजे बराचसा प्रश्न मिटतो. तसंही पावसानंतर गटाराचं पाणी समुद्रात येतंच, सिडनीतही आणि ब्रिटनमधे तर विचारूच नका, कॉर्नवॉलच्या सर्फरांनी त्यासाठी १९९० मधे संघटना काढली आणि अजून भांडतायत.

ऊन मात्र हलकं घेऊ नका. आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय असं वाटतं, पण यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या घातक किरणांचं माप, ११ च्या वर असताना आपणही भाजतो. टोपी, क्रीम, आणि रॅशी म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट. रॅशीचा एक फायदा म्हणजे अंगभर कपडे घालून पोहणं इथे अगदी नॉर्मल आहे, मिसेसना सांगा, कुणी वळूनही बघत नाही.

तुम्हाला पोहता येत नाही तर सुरुवात बाँडायला करू नका. पहिले काही महिने हार्बरच्या आतले बीच, बाल्मोरल वगैरे, तिथे जाळी लावलेला भाग आहे आणि लाटा नाहीत. मग ओशन पूल, म्हणजे खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव, ब्राँटीचा फार सुंदर आहे, पण समुद्र खवळलेला असेल तेव्हा तोही नको. कूजीला मॅकआयव्हर्स बाथ्स आहे, तिथे फक्त बायका आणि लहान मुलं, ज्या बायकांना पुरुषांसमोर पाण्यात उतरायला अवघड वाटतं त्यांच्यासाठी फार मोठी सोय आहे ती. आणि मुलं पाच वर्षांची झाली की सर्फ क्लबच्या निपर्समधे, म्हणजे मुलांच्या समुद्र-सुरक्षेच्या वर्गात, घाला, रविवारी सकाळी असतं, रिप कशी ओळखायची ते खेळता खेळता शिकतात. सीझन ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, नोंदणी त्याआधी. थोडं पोहता येतंय का ते बघतात, त्यामुळे ब्रिस्टलमधे आहात तोवरच मुलांचे पोहण्याचे क्लास सुरू करा, आणि जमलं तर तुम्ही दोघंही.