बीटा टाकण्याआधी

रोजच्या वापराच्या फोनवर बीटा, म्हणजे सॉफ्टवेअरची अजून चाचणीत असलेली आवृत्ती, टाकू नकोस. जुना एखादा पडून असेल तर त्यावर खुशाल टाक. बॅकअप आधी घे. आयफोन असेल तर तो कॉम्प्युटरवर घेऊन अर्काइव्ह कर, म्हणजे नंतरच्या बॅकअपने तो पुसला जाणार नाही, कारण बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढेलच असं नाही. गूगलच्या पिक्सेल फोनवर अँड्रॉइड बीटातून मध्येच बाहेर पडलास, तर सगळा डेटा पुसला जातो. स्थिर आवृत्ती येईपर्यंत कळ काढलीस तर काही न गमावता सुटशील. सुरुवातीला बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो; मागे इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी फाइल्सची नव्याने नोंद करणं, चालू असतं, लगेच बोंब मारू नकोस. बँकेची अ‍ॅप्स मात्र रुसू शकतात. बग सापडला की फीडबॅक अ‍ॅपमधून कळव, नेमकं काय केल्यावर घडलं त्यासकट. नुसतं ‘फोन हँग होतो’ लिहून कोणाला काय कळणार?