फाइली जागेवरच आहेत, सेशन बदललंय

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना, ४ जीबीचा. भाच्याने त्यावर उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली, शिवाय हलका चालतो म्हणून एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉपही. दिवाळीत पाहुण्यांच्या मुलांनी तो हाताळला. तेव्हापासून पासवर्ड टाकला की वेगळाच डेस्कटॉप उघडतो. डावीकडची चिन्हांची पट्टी नाही, वर कोपऱ्यात उंदराचं चित्र, मराठी टायपिंग बंद. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. वडिलांच्या पत्रांचे स्कॅन त्यात आहेत. काय करू?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. आमच्या गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी दोन उन्हाळे बसून टाइप केल्या होत्या. डेस्कटॉप असाच बदललेला दिसला म्हणून घरच्यांनी संगणक दुकानात नेला, तिथे फॉरमॅट मारला आणि ओव्या गेल्या. आजीही आता नाहीत. म्हणून तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

तुमच्या लॅपटॉपवर एकाच घराला दोन दारं आहेत. एक उबुंटूचं नेहमीचं, दुसरं एक्सएफसीईचं. या दारांनाच सेशन म्हणतात. तो उंदीर त्याचंच चिन्ह. मुलांनी दुसरं दार उघडलं आणि लॅपटॉपने ते तुमच्या नावावर लक्षात ठेवलं. दोन्हीकडून आत गेलं तरी होम फोल्डर, म्हणजे तुमच्या फाइली असतात ती जागा, तोच. आधी फाइल मॅनेजर उघडून पत्रं डोळ्यांनी बघा, लगोलग पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

मग लॉग आउट करा. नुसती स्क्रीन लॉक करू नका, लॉक केलेल्या पडद्यावर हवं ते बटण नसतं आणि बहुतेक जण तिथेच अडतात. नावांची यादी आली की आपल्या नावावर क्लिक करा. पासवर्डची चौकट आल्यावरच खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसेल. त्यावर क्लिक केलं की ‘उबुंटू’, ‘उबुंटू ऑन झॉर्ग’, ‘एक्सएफसीई सेशन’ अशी नावं येतील. ‘उबुंटू’ निवडा, पासवर्ड टाका. पुढच्या वेळी पुन्हा निवडावं लागणार नाही.

‘ऑन झॉर्ग’ म्हणजे तोच डेस्कटॉप, फक्त चित्र पडद्यावर आणणारी यंत्रणा जुनी. नेहमीच्या सेशनमध्ये व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करताना समोरच्याला काळंच दिसत असेल तर हे निवडून बघा, एरवी गरज नाही.

मराठी बिघडलेली नाही. कीबोर्डची मांडणी प्रत्येक डेस्कटॉप आपापली ठेवतो, त्यामुळे उबुंटूत परतलात की तीही परत येईल. मात्र पासवर्ड टाकताना वर उजवीकडे ‘एमआर’ अशी अक्षरं दिसली, तर आधी इंग्रजी कीबोर्ड निवडा. ठिपक्यांआड देवनागरी उमटते आणि माणसाला वाटतं पासवर्डच विसरलो.

खरं विचाराल तर ४ जीबीच्या लॅपटॉपवर मी एक्सएफसीईच ठेवेन. ब्राउझर आणि स्कॅन एकत्र उघडले की उबुंटूचं नेहमीचं सेशन अडखळतं. आठवडाभर दोन्ही वापरून बघा. एक्सएफसीई आवडलं तर त्याच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट. ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’समोरची खूण काढून मराठी जोडा.