अलीकडे आपण काय वाचले आणि कोणत्या बिअर चाखल्या? त्यांविषयी आपले मत काय?

आपण वाचन आणि बिअर या दोन्हींविषयी एकाच प्रश्नात विचारले आहे, तेव्हा उत्तरही एकत्रच देते. या उन्हाळ्यात मनावर सर्वांत अधिक ठसलेले पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, आणि जिच्याविषयी सर्वांत अधिक शोधून वाचावेसे वाटले ती बिअर म्हणजे इंडिया पेल एल, जिला सगळे आयपीए म्हणतात. दोहोंचा काळ जवळजवळ एकच आहे, आणि दोहोंच्या बाबतीत मूळ हकिगत नंतर सजवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

गोडसे भटजी वरसईचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता आली, म्हणून ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि महूच्या आसपास पोहोचतात तोच बंडाच्या धामधुमीत सापडले. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. इंग्रज फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, जीव मुठीत धरून लपून काढलेले दिवस आणि नंतरची लूट हे सारे ते ज्या पद्धतीने सांगतात, तिला मराठीत तोड नाही असे मला वाटते. सोन्यानाण्यानंतर तांब्यापितळेची भांडी, कपडे, धान्य अशी लूट कशी उतरत गेली, हे ते हिशेब लिहावा तसे लिहितात, आणि त्या हिशेबातूनच शहर कसे ओस पडले ते कळते. विशेषणांचा सोस कुठेही नाही.

या पुस्तकातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटतात. धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर त्या त्यांना थांबवतात, स्वतः पाणी शेंदतात आणि मातीच्या भांड्यातले ते पाणी ओंजळीने पितात. ज्या बाईच्या नावावर आपल्याकडे इतके पोवाडे, नाटके आणि चित्रे झाली, तिचे याहून जवळून दिसणारे दर्शन मला तरी अन्यत्र आढळले नाही. पाहणाऱ्याने ती पाहिली आणि आठवणीने लिहिली, एवढेच त्यामागे आहे.

आवृत्तीविषयी मात्र एक सूचना आवर्जून करते. भटजींनी ही हकिगत चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली आणि ती भटजींच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनी संस्कार करून छापली. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. आपल्याला मिळाली तर हीच वाचावी. तिची भाषा ओबडधोबड आहे, वाक्ये लांबत जातात, पण त्यातच बोलणाऱ्या माणसाचा आवाज राहिला आहे. वैद्यांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्याविना हे पुस्तकच नसते. तरीही त्यांनी हात आखडता ठेवला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आता आयपीएविषयी. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबमध्ये, तिची गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते: हिंदुस्थानातल्या इंग्रजांना बिअर हवी होती, जहाजावर ती नासत असे, म्हणून कोणा कल्पक माणसाने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि मद्यांश वाढवून खास प्रवासासाठी नवी बिअर शोधली. ही गोष्ट ऐकायला छान असली, तरी तशी घडलेली नाही. हॉप्सनी भरलेल्या, मुरवून पिण्याच्या फिक्या रंगाच्या बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यांपासून जवळ होती आणि ते कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत, म्हणून त्यांची बिअर जहाजांवर चढली. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, महिनोन्‌महिने डुचमळत आलेली ती पिंपे इथे उघडली तेव्हा बिअर चांगली मुरलेली निघाली. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरींनी हा व्यापार हाती घेतला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम हा क्षार भरपूर, आणि त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो. या साऱ्यामागे उधारी, धक्क्याची जवळीक आणि विहिरीचे पाणी होते, हे मला त्या कल्पक माणसाच्या गोष्टीपेक्षा अधिक रोचक वाटते.

भटजी झाशीत अडकले त्या काळात बर्टनची ही पेल एल हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेहमीची होती. पुस्तक वाचत असताना हे ध्यानात आल्यापासून बिअरच्या नावातला ‘इंडिया’ हा शब्द मला पूर्वीइतका निरागस वाटत नाही. बिअर मात्र आवडते. मुंढव्याकडच्या एका ब्रूपबमध्ये अलीकडे घेतलेली आयपीए फार चांगली होती: तांबूस, वर बोटभर दाट फेस, प्रथम संत्र्याच्या सालीचा वास आणि मग कारल्याच्या भाजीत गूळ अगदी बेताचा असावा तसा शेवटपर्यंत टिकणारा कडवटपणा. अशी बिअर बर्फासारखी गार आणली तर तिची चव बंद होते, म्हणून मी ती जरा वेळ तशीच ठेवून मग पिते.

उन्हाळ्यातल्या दुपारसाठी मात्र माझी पसंती गव्हाच्या बिअरला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या हेफेवाइत्सनला आहे. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण यांपैकी काहीही तिच्यात घातलेले नसते; ते सारे यीस्टचे काम आहे, आणि आंबवण्याचे तापमान बदलले की केळे वाढते किंवा लवंग वाढते. पुण्यात २००९ साली डूलॅली हा ब्रूपब सुरू झाल्यापासून ही बिअर ताजी मिळू लागली, ही या शहराच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली असे मी मानते, कारण बाटलीत महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर तिचा हा वासच प्रथम जातो. याच दिवसांत मी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा हाती घेतले आहे. ते १९५६ सालचे. प्रत्येक मराठी महिन्यावर एक लेख आहे आणि तो तो महिना लागला की तो तो लेख वाचावा, घाई करू नये, एवढेच त्याच्याविषयी सांगते.

मत विचारले आहे, तेव्हा न आवडलेल्या गोष्टीही सांगते. एक अलीकडची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मी अर्ध्यावर सोडली. तिच्यात प्रत्येक सूर्योदय रक्तवर्णी आहे, प्रत्येक घोडा उमदा आहे आणि कोणालाही भूक लागत नाही. भटजींच्या पुस्तकात माणसांना सारखी भूक लागते, त्यांचे पाय सुजतात, पैसे चोरीला जातात, आणि म्हणून ती खरी वाटतात. बिअरमध्ये तीच तऱ्हा आमरस आणि दुग्धशर्करा घालून केलेल्या दाट, गोड बिअरची. हापूस मला अतिशय प्रिय आहे, पण तिथे तो माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स, यीस्ट सर्वांना झाकून टाकतो आणि उरते ते सरबत.

परदेशी बाटल्या घेताना एवढे पाहावे की बाटली तपकिरी काचेची आहे. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून प्रकाश आत गेला की हॉप्समधल्या घटकांचे विघटन होऊन बिअरला उग्र, नकोसा दर्प येतो. दुकानाच्या उजळ फडताळात पुढे मांडलेल्या बाटलीत तो हमखास आढळतो. मागच्या अंधाऱ्या रांगेतली बाटली मागावी आणि तारीख पाहूनच घ्यावी.

सध्या मी चांगल्या पोर्टरच्या, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळपट बिअरच्या, शोधात आहे. पेल एल अधिकाऱ्यांची असली, तरी साध्या गोऱ्या शिपायांसाठी या देशात जहाजे भरभरून आली ती पोर्टर, आणि तीही एवढा प्रवास सोसून नीट पोहोचत असे. पुण्यात स्टाउट ही तिच्यासारखीच काळी बिअर सहज मिळते, पोर्टर क्वचितच लावलेली दिसते. आपल्याला एखादे ठिकाण ठाऊक असेल तर अवश्य कळवावे.