हुली-हुली चिकन: अननसापेक्षा आच सांभाळा

मागच्या वेळी हवाईच्या हुली-हुली चिकनचा, म्हणजे गोडसर सोया सॉस लावून निखाऱ्यावर उलटून-पालटून भाजलेल्या कोंबडीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेते आहे.

हॉटेलात ‘हवाईयन चिकन’ मागवलं तर अननसाच्या फोडी, सिमला मिरची आणि गोड रस्सा आला. हेच का ते? (नाशिक)

नाही. अननस दिसला की हवाई म्हणायचं, अशी जगभर पद्धतच पडली आहे. हवाईयन पिझ्झासुद्धा 1962 साली कॅनडात जन्मला. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. विसाव्या शतकात हवाईतल्या मळ्यांनी आणि फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांनी तो हवाईच्या नावाला चिकटवला.

हुली-हुली चिकनची गोष्ट निराळी आहे. 1955 मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर अर्नेस्ट मॉर्गाडो या कोंबडी व्यावसायिकाने शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यासाठी तेरियाकी (सोया आणि साखरेच्या जपानी) पद्धतीच्या सॉसमध्ये कोंबड्या भाजल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे शाळा आणि संस्थांच्या निधीसाठी मैदानात लांबलचक शेगड्या लावून हेच चिकन विकलं जाऊ लागलं. दोन जाळ्यांमध्ये अर्ध्या-अर्ध्या कोंबड्या दाबून बसवायच्या आणि सगळी जाळी एकदम उलटायची. ‘हुली’ म्हणजे उलटवणं, नाव त्यावरूनच. सॉसमधलं सोया आणि आलं जपानी वळणाचं आहे, कारण 1885 पासून उसाच्या मळ्यांवर जपानी मजूर मोठ्या संख्येने आले आणि तिथेच रुजले. मॉर्गाडोंनी मूळ कृती जाहीर केली नाही, त्यामुळे आज घरोघरी होतात ते सगळे अंदाजच. माझाही.

मग तुमचा अंदाज सांगा. प्रमाणासकट! (पुणे)

एक किलो लेग पीससाठी (मांडी आणि तंगडी एकत्र) अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी ब्राउन शुगर किंवा बारीक चिरलेला गूळ, पाव वाटी टोमॅटो केचप, अर्धी वाटी अननसाचा रस, चमचाभर व्हिनेगर, दोन-दोन चमचे किसलेलं आलं आणि लसूण. मीठ अजिबात नको, सोयात भरपूर असतं. सोया सॉस मात्र पातळ, नैसर्गिकरीत्या आंबवलेला घ्या. चायनीजच्या गाड्यावरचा काळाकुट्ट डार्क सोया घातलात तर रंग झक्क येईल आणि चव कडवट. सगळं ढवळून निम्मं आधीच बाजूला काढा, ते वरून लावायला लागेल. उरलेल्यात चिकन चार तास ते रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या.

खाटकाला कातडी ठेवायला आवर्जून सांगा. आपल्याकडे न विचारता सोलून देतात. या पदार्थाची निम्मी मजा त्या कातडीत आहे.

ताज्या अननसाचा रस घालून रात्रभर ठेवलं, तर सकाळी चिकनचा लगदा! (कोल्हापूर)

कच्ची पपई लावून मटण मऊ करता ना? तोच प्रकार. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. चिकन मुळातच कोवळं, त्याला रात्रभर सोसत नाही. डब्यातला किंवा खोक्यातला रस आधीच तापवलेला असतो, तो खुशाल वापरा. ताजाच वापरायचा असेल तर पाचेक मिनिटं खळखळून उकळा आणि पूर्ण गार करून घाला.

बाहेरून कोळसा, आतून हाडाशी लाल. काय चुकतं? (ठाणे)

हा प्रश्न बहुतेकांचा आहे. साखर लवकर करपते आणि हाडासकटचा तुकडा शिजायला अर्धा-पाऊण तास घेतो. दोघांचं जमवायचं तर दोन गोष्टी करा.

एक, निखारे शेगडीच्या एका अंगाला ओढा. चिकनवरचं मुरवण निथळून, कातडी टिपून घ्या आणि तुकडे निखारे नसलेल्या बाजूला ठेवा. वर झाकण किंवा मोठं पातेलं उपडं घाला. दर चार-पाच मिनिटांनी उलटा. चरबी निखाऱ्यावर पडून ज्वाळा उठल्या तर तुकडे सरकवा, पाणी मारू नका. राख उडून चिकनवर बसते.

दोन, बाजूला काढलेला सॉस थोडा आटवून ठेवा आणि शेवटच्या दहा मिनिटांतच ब्रशने लावा. पहिला हात पाण्यासारखा ओघळून जातो, काही उरत नाही असं वाटतं. उलटा, पुन्हा लावा. दुसऱ्या हाताला कातडी चिकट होते. तिसऱ्याला कडांवर बारीक बुडबुडे येऊन तपकिरी चकाकी धरते. तिथे थांबा, आणखी मिनिटभराच्या मोहात ती काळी पडते. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत.

चिकन मुरवलेलं पाणी फेकायला जिवावर येतं. (सोलापूर)

येऊ द्या. कच्च्या चिकनला लागलेलं आहे ते, तसंच वरून लावायचं नाही. ठेवायचंच असेल तर चांगलं खळखळून उकळा.

हवाईत म्हणे किआवेचं लाकूड वापरतात. इथे काय घ्यावं? (न्यू जर्सी)

तुम्हाला तर सोपं आहे, मेस्कीट या काटेरी झाडाचा कोळसा घ्या, ते किआवेचंच भाऊबंद. किआवेही हवाईचं नव्हेच, 1828 मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूने होनोलुलूत बी लावलं आणि पुढे ते बेटांवर पसरलं. देशातल्या वाचकांनो, बांधाबांधावर माजलेली वेडी बाभूळ याच घराण्यातली. तिचा कोळसा मिळाला तर नाकं मुरडू नका. फक्त पेटती शेगडी बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत नको, कोळशाच्या वायूने जीव जातो.

आमच्याकडे फक्त ओटीजी आहे. (नागपूर)

चालेल. 200 अंशांवर, जाळीवर ठेवून, खाली फॉइल लावलेला ट्रे. साधारण 35 ते 40 मिनिटं, मध्ये दोनदा उलटा, शेवटी वरची कॉइल चालू करून सॉसचे हात द्या. तूप टाकून कोळशाची धुरी देण्याचा मोह टाळा. तुपाचा वास सोया-आल्यावर कुरघोडी करतो आणि चव थेट ढाब्यावर पोचते.

सोबत काय वाढावं? पोळी चालेल? (सातारा)

तुमच्या घरी कोण अडवणार! हवाईत मात्र दोन गोळे भात आणि मेयोनेझमधलं मॅकरोनी सॅलड असतं. भात किंचित चिकट हवा, त्यामुळे बासमतीपेक्षा इंद्रायणी बरा. फक्त पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला.