पहिला रोल भरण्याआधी : फिल्म कॅमेऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकांनी वापरलेला पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा ५० मिमी एफ/२ लेन्ससह माझ्याकडे आला आहे. कासच्या पठारावरची फुले, डोंगर आणि घरची माणसे यांची छायाचित्रे काढण्याची इच्छा आहे. ओळखीचा दुकानदार २८ मिमी आणि १३५ मिमी अशा दोन जुन्या लेन्स आत्ताच घेण्याचा आग्रह करतो. घ्याव्यात का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आत्ता घेऊ नका. निदान पाच-सहा रोल होईपर्यंत ५० मिमीवरच राहा. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी असते आणि तिचा कर्ण साधारण ४३ मिमी भरतो. लेन्सचे नाभीय अंतर या कर्णाच्या आसपास असले की चित्रातले जवळचे आणि लांबचे यांचे प्रमाण डोळ्याला ओळखीचे वाटते, म्हणून ५० मिमीला ‘नॉर्मल’ लेन्स म्हणत आले आहेत. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. त्या काळातल्या साध्या झूम लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफ/ चा आकडा जितका लहान तितके ते मोठे) बहुधा एफ/३.५ किंवा एफ/४ पासून सुरू होई. तुमची लेन्स एफ/२ पर्यंत उघडते, आणि खिडकीजवळ बसलेल्या आजीचे छायाचित्र फ्लॅशविना काढायचे असेल तर नेमका हाच फरक कामाला येतो.

कासच्या फुलांबाबत मात्र ही लेन्स थोडी निराशा करील. ती जास्तीत जास्त ४५ सेंमीपर्यंत जवळ फोकस होते, आणि त्या अंतरावर चौकटीत आडवा वीतभर तुकडा मावतो. इवलेसे फूल त्यात हरवून जाईल. त्यासाठी नवी लेन्स लागत नाही. लेन्सच्या तोंडावर बसणारी +२ शक्तीची क्लोज-अप काच किंवा लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब पुरेशी असते. एवढ्या जवळून फोकसची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, फार थोडी मिळते, तेव्हा ॲपर्चर एफ/८ किंवा एफ/११ ठेवा आणि वारा थांबण्याची वाट पाहा. पठारावर ही वाट बरीच पाहावी लागते.

पुढे दुसरी लेन्स घ्यावीशी वाटलीच, तर तोवर काढलेल्या निगेटिव्ह समोर ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारा : आपण वारंवार मागे सरकत होतो की पुढे? मागे भिंत लागत असेल तर २८ मिमी घ्या, समोर दरी लागत असेल तर १३५ मिमी. घेताना तिच्यावर ॲपर्चरचे कडे आहे ना, हे पाहा. पेंटॅक्सच्या अलीकडच्या काही लेन्सना ते नसते आणि त्या या कॅमेऱ्यावर बसल्या तरी त्यांचे ॲपर्चर तुम्हाला बदलता येत नाही. मग लेन्स पूर्ण उघडून एका बाजूने विजेरीचा झोत टाका आणि दुसऱ्या बाजूने पाहा. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही, परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळी हवेत ती वाढत जाते आणि काचेवरचा लेप खाते; अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का, तेही पाहावे.

तुमच्या कॅमेऱ्याविषयी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत. के-१००० चे उत्पादन १९७६ ते १९९७ या काळात झाले. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि सेल फक्त प्रकाशमापकाला लागतो. पण त्या मापकाला बंद करण्याचे बटणच नाही. लेन्सवर झाकण लावले, म्हणजे आत अंधार झाला, की तो शांत होतो. झाकण विसरलात तर सेल विनाकारण खर्ची पडतो.

प्रश्न : मला पावसाळ्यातल्या कोकणाची कृष्णधवल छायाचित्रे काढायची आहेत. काळे आकाश आणि पांढरे ढग हवेत म्हणून लाल फिल्टर घेणार आहे. सोबत यूव्ही आणि पोलरायझर असा संच घ्यावा का? कॅमेरा जुना, मॅन्युअल एसएलआर आहे. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या मनातले चित्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले आहे, जुलैमधले नव्हे, आणि या प्रश्नाची सगळी गोम तिथेच आहे. कृष्णधवल फिल्म निळ्या प्रकाशाला सढळ प्रतिसाद देते, त्यामुळे आपल्याला गडद दिसणारे निळे आकाश प्रिंटमध्ये फिकट येते आणि पांढरे ढग त्यात विरघळून जातात. रंगीत फिल्टर स्वतःच्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. पिवळा फिल्टर निळा प्रकाश काही प्रमाणात, नारिंगी त्याहून अधिक आणि लाल जवळजवळ पूर्ण अडवतो. आकाश त्याच क्रमाने गडद होत जाते. परंतु हे सारे आकाश निळे असेल तरच. श्रावणाआधीच्या भरून आलेल्या राखाडी आभाळात अडवायला निळा रंगच नसतो, तेव्हा लाल फिल्टर आकाशाचे काहीच करत नाही. उलट तो हिरवा प्रकाश अडवून भातशेती आणि झाडी काळवंडून टाकतो. मी सुरुवातीच्या काळात हीच चूक केली होती, आणि त्या रोलमधले सगळे डोंगर कोळशाच्या वखारीसारखे आले होते.

पावसाळ्यातल्या हिरवाईसाठी पिवळट हिरवा, म्हणजे ११ क्रमांकाचा फिल्टर अधिक उपयोगी पडतो. तो पाने उजळ करतो, त्यामुळे वेगवेगळ्या झाडांच्या हिरव्या छटा एकमेकींपासून सुट्या दिसतात, आणि घराबाहेर काढलेल्या चेहऱ्यांचा वर्णही नैसर्गिक येतो. लाल फिल्टरने चेहरा पिठूळ आणि ओठ फिकट होतात. तरीही पैसे एकाच फिल्टरचे असतील तर माझे मत पिवळ्याच्या, म्हणजे ८ क्रमांकाच्या बाजूने आहे, कारण तो वर्षभर लावून ठेवता येतो आणि त्याने बिघडते असे फारसे काही नाही.

फिल्टर प्रकाश खातो, याचा हिशेब आधीच करून ठेवावा. पिवळा एक स्टॉप घेतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे), ११ क्रमांकाचा हिरवा आणि नारिंगी साधारण दोन आणि २५ क्रमांकाचा लाल तीन. लख्ख उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मला (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्टरविना १/५०० सेकंद आणि एफ/१६ हे माप पुरते. लाल फिल्टर लावल्यावर तेच माप १/५०० ला एफ/५.६ किंवा एफ/१६ ला १/६० होते. पावसाळी दुपारी मुळात तीन-चार स्टॉप कमी प्रकाश असतो. त्यातून आणखी तीन गेले तर हातात कॅमेरा धरून छायाचित्र काढणेच अवघड होते. लेन्समधून मोजणारा मापक फिल्टरमधून आलेलाच प्रकाश मोजतो, त्यामुळे फिकट फिल्टरला वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. परंतु जुन्या मापकांची लाल रंगाकडची ओढ आणि फिल्मची त्याच रंगाकडची ओढ सारखी नसते, म्हणून गडद लाल फिल्टरबाबत मापकावर विसंबू नये. फिल्टर काढून मोजावे आणि तीन स्टॉप हाताने वाढवावेत.

पोलरायझर ही वेगळी चीज आहे. त्याने पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी जाते, आणि ते ढगाळ हवेतही काही प्रमाणात साधते. निळ्या आकाशावरचा त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वांत जास्त असतो. तो दीड ते दोन स्टॉप घेतो. रंगीत फिल्मवरही तो चालतो. पिवळा किंवा लाल फिल्टर रंगीत फिल्मवर लावला तर सगळे चित्रच त्या रंगात न्हाऊन निघते. यूव्ही फिल्टरचा किनाऱ्यावर एवढाच उपयोग की खारे तुषार लेन्सऐवजी त्याच्यावर बसतात. रात्री दिव्यांकडे कॅमेरा वळवताना मात्र तो काढा, नाहीतर दिव्यांची भुते चित्रात उमटतात. संच घेऊ नका. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्सला बसेल असा एकच चांगला लेप असलेला फिल्टर घ्या आणि लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग वापरा.

प्रश्न : सुरुवातीला २०० आयएसओची रंगीत फिल्म घ्यावी, ४०० ची कृष्णधवल घ्यावी की स्लाइड फिल्म? प्रत्येक जण वेगळे सांगतो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फिल्म घेण्याआधी ती धुऊन कोण देणार हे ठरवा. कोणत्याही कंपनीची रंगीत निगेटिव्ह सी-४१ या एकाच प्रक्रियेने, साधारण ३८ अंश सेल्सिअसला धुतली जाते, त्यामुळे चालू असलेल्या कोणत्याही रंगीत लॅबमध्ये ती नेता येते. कृष्णधवलचे तसे नाही. प्रत्येक फिल्म आणि डेव्हलपर (फिल्म धुण्याचे रसायन) यांच्या जोडीला स्वतःची वेळ आणि तापमान असते. जवळच्या लॅबमध्ये हे वेगळे रसायन ठेवले आहे का आणि निगेटिव्ह परत मिळते का, हे विचारून घ्या, कारण काही ठिकाणी फक्त स्कॅन देतात. कृष्णधवलची सोय नसेल तर इल्फर्डची एक्सपी२ सुपर घ्या. ती कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुतली जाते.

आयएसओचा निर्णय तुम्ही कुठल्या प्रकाशात वावरता यावर होतो. केवळ उन्हात फिरणार असाल तर कोडॅक गोल्ड २०० सारखी फिल्म उत्तम. परंतु इमारतीच्या जिन्यात, रेल्वेच्या फलाटावर किंवा घरात काढायचे असेल तर ४०० घ्या, कारण तो एक स्टॉप म्हणजे १/३० आणि १/६० यांतला फरक, आणि ५० मिमी लेन्स हातात धरून १/६० च्या खाली सहसा जाऊ नये. कृष्णधवलमध्ये इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स यांतली कोणतीही एक निवडा आणि तीच वापरत राहा. त्यांचा दाणा थोडा ठळक असतो, आणि अनेकांना तोच आवडतो.

स्लाइड फिल्म, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र देणारी फिल्म, आत्ता नको. निगेटिव्हला गरजेपेक्षा एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळाला तरी ती सांभाळून घेते, कमी मिळाला तर मात्र सावल्या रिकाम्या येतात. म्हणून शंका आली की थोडा अधिकच द्यावा. स्लाइडचे वागणे याच्या उलट आहे : अर्ध्या स्टॉपची चूकही ती दाखवते आणि जास्तीच्या प्रकाशाने धुतले गेलेले भाग परत येत नाहीत. शिवाय तिची ई-६ प्रक्रिया फार थोड्या ठिकाणी होते.

स्वस्त म्हणून सिनेमाच्या फिल्मचे भरून दिलेले रोलही विकले जातात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो, आणि तो सुटून सी-४१ यंत्रातले रसायन खराब करतो. थर असेल तर लॅबला आधी सांगा. न सांगता दिलात तर तुमच्याबरोबर दुसऱ्यांचेही रोल बिघडतील. उरलेली फिल्म डबीसह फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबी उघडू नका, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते.

प्रश्न : माळ्यावर ‘इंदू’ कृष्णधवल फिल्मचा न उघडलेला रोल सापडला. पहिला रोल म्हणून हाच वापरू का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ही उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची फिल्म. भारतातल्या कित्येक घरांच्या अल्बममध्ये तिच्यावर काढलेली छायाचित्रे आजही असतील. परंतु नागपूरचे कित्येक उन्हाळे माळ्यावर काढल्यामुळे तिच्यावर धुके चढलेले असणार, आणि चित्र फिके आले तर दोष तुमचा, कॅमेऱ्याचा की फिल्मचा हे कळणार नाही. पहिला रोल ताजाच घ्या. ‘इंदू’चा रोल ३५ मिमीचा असेल तर त्यावर फिल्म भरण्याचा सराव करा : टोक स्पूलमध्ये अडकवा, झाकण लावा, रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून ढील काढा आणि मग फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरते का पाहा. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही, आणि आकडा मात्र ३६ पर्यंत जातो.